काटा मधोमध होता

मित्रांनो, मी एक जुना काटा आहे. पायात रुततो तो बाभळीचा काटा नव्हे, भिंतीवरच्या घड्याळातला नव्हे, आणि बाजारातला वजनाचा काटा तर मुळीच नव्हे. मी विमानातला काटा. आता तुमच्या शाळेच्या विज्ञानाच्या खोलीत, काचेच्या कपाटात, एक मोडकं होकायंत्र आणि डब्यातला लोहचुंबक यांच्या मधे बसलो आहे. तुम्ही मला बघून हसता. हसा बापडे! पण आधी माझी हकीकत ऐका. एका दुपारी अठ्ठेचाळीस माणसांचा जीव माझ्यापायी जाता जाता राहिला. ते आठवलं की या कपाटात बसूनही मला कापरं भरतं.

माझा जन्म दूरदेशी एका कारखान्यात झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईनं केसाएवढ्या बारीक तारा जोडून मला एका गोल तबकडीत बसवलं. माझं काम सोपं, पण जोखमीचं. धावपट्टीच्या कडेला एक छोटी खोली असते. तिच्यातून आकाशात रेडिओ लहरींचा एक उतार सोडलेला असतो. आपल्या कन्नडच्या घाटातला रस्ता कसा हळूहळू खाली उतरतो, तसा. फक्त तो डोळ्यांना दिसत नाही, मला कळतो. विमान त्या उताराच्या वर राहिलं की मी खाली सरकतो आणि सांगतो, "खाली या." विमान उताराच्या खाली गेलं की मी वर सरकतो आणि सांगतो, "वर चढा, वर चढा!" आणि विमान बरोब्बर उतारावर असलं की मी मधोमध उभा राहतो. ढग असोत, पाऊस असो, खिडकीतून काही म्हणजे काही दिसत नसो, वैमानिक माझ्याकडे बघतच खाली येतो.

आता माझी एक खोड सांगतो. ती नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं. मला वर-खाली ओढते ती त्या लहरींवरून येणारी वीज. ती वीजच आली नाही, तर मला कोणीच ओढत नाही आणि मी मधोमध उभा राहतो. म्हणजे सगळं ठीक असलं तरी मी मधोमध, आणि मी मेलो तरी मधोमध! घडवणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर एक लाल पट्टी बसवली. माझ्यातला जीव गेला की ती पट्टी टपकन माझ्यावर पडायची. याचा अर्थ, "या काट्याचं ऐकू नका."

वीस वर्षं मी इमानानं राबलो. या हातातून त्या हातात विकला जात शेवटी एका लहानशा कंपनीच्या दोन पंख्यांच्या जुन्या विमानात आलो. मुंबई ते औरंगाबाद, औरंगाबाद ते मुंबई. हो, तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर. दर फेरीला मला वरून शहर दिसायचं, आणि दर फेरीला ते थोडं वाढलेलं असायचं. वाळूजचे कारखाने, मग त्यांच्याभोवती पत्र्यांची घरं, मग चारमजली, मग दहामजली. शेतं संपून प्लॉट पडत गेले, पांढऱ्या चुन्याच्या रेघा मारलेले.

त्या विमानाचे कॅप्टन होते संघपाल खरात. पन्नाशीचे, शांत, लासूर स्टेशनचे. त्यांचे वडील रामकिसन हे तिथल्या बाजार समितीत मापाडी होते. आयुष्यभर धान्याची पोती तोलली त्यांनी. कॅप्टनसाहेब मोठ्या कौतुकानं सांगायचे, "आमचे बाबा म्हणायचे, माणूस खोटं बोलंल, काटा नाय बोलणार." आणि असं म्हणून माझ्याकडे बघायचे. मला काय वाटायचं म्हणून सांगू! एवढा मान मला कोणी दिला नव्हता. मी फुगून जायचो.

पण मित्रांनो, म्हातारपण कोणाला चुकलंय? माझ्या पाठीमागच्या एका जोडाला बारीक तडा गेला. केव्हा तरी विमान तापलं की तो उघडायचा आणि माझा जीव जायचा. एकदा मुंबईच्या तळावर विमान उभं असताना असंच झालं. लाल पट्टी पडायला हवी होती, पण वर्षानुवर्षांची धूळ बसून ती बिजागरीतच अडकली होती. एका वैमानिकाच्या ते लक्षात आलं. त्यानं नोंदवहीत लिहिलं, "लाल पट्टी कधी कधी अडकते." संध्याकाळी दुरुस्तीवाले रामप्रसाद आले. माणूस वाईट नव्हता, पण त्या दिवशी त्यांच्या अंगावर चार विमानं होती. त्यांनी माझ्या काचेवर बोटानं टिचकी मारली. पट्टी टपकन पडली. "पडती की!" ते म्हणाले, आणि वहीत लिहून टाकलं, "तपासले, ठीक."

मला उघडून कोणी बघितलंच नाही. वर आणखी एक गोष्ट. उजव्या बाजूला बसणाऱ्या वैमानिकासमोर माझा एक जुळा भाऊ होता. तो बिघडला म्हणून काढून दुरुस्तीला नेला होता. त्याच्या जागी "बंद" अशी चिठ्ठी चिकटवली होती. म्हणजे त्या विमानात उताराचा काटा उरला एक. मी!

तो मे महिना होता. पाऊस रुसल्याचं दुसरं वर्ष. वरून बघितलं तर जमीन भाजलेल्या भाकरीसारखी, जागोजाग काळवंडलेली. विहिरींच्या तोंडात नुसता काळोख. रस्त्यांवर टँकरच टँकर.

त्या दिवशी उजव्या खुर्चीवर दिपाली होती. सव्वीस वर्षांची, कन्नडकडच्या एका मेंढपाळाच्या घरची मुलगी. नोकरीला लागून आठ महिने झाले होते. आणि मागे, सातव्या रांगेत खिडकीशी तिची आई बसली होती, पुतळाबाई. मुंबईला डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. जाताना रात्रभर एसटीत बसून गेली, येताना लेकीनं तिला स्वतःच्या विमानातून आणायचं ठरवलं. माउलीनं काळा चष्मा लावला होता आणि पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

विमान वर स्थिर झाल्यावर कॅप्टनसाहेबांनी विचारलं, "काय गं, आई घाबरल्या नाहीत ना?"

"नाही सर. म्हणाली, मेंढरं घेऊन अर्धा मुलूख फिरले, आता हे बी बघते." दिपाली हसली. "बाबांची काळजी करतेय नुसती. म्हणते, संध्याकाळी तुझा बाप एकटाच मोजंल, कशी जुळंल मोजणी?"

"एकटा मोजला तर काय बिघडलं?"

मग दिपालीनं सांगितलं. मेंढरं संध्याकाळी वाडग्यात, म्हणजे काट्याकुट्याच्या कुंपणात घालतात, तेव्हा त्यांच्या घरी दोघांनी मोजायची रीत होती. तोंडाशी एका बाजूला बाप मुंजाबा, दुसऱ्या बाजूला आई. दोघं मनात मोजायचे, एकमेकांशी बोलायचं नाही. शेवटचं मेंढरू आत गेलं की दोघांनी आपापला आकडा सांगायचा.

"आणि जुळला नाही तर?"

"तर कोण चुकलं म्हणून भांडायचं नाही, सर. सगळी मेंढरं भायेर काढायची आन पुन्ना मोजायची. मग अंधार पडो का पाऊस येवो. दुष्काळात कळप इकला, तीसच उरली, तरी दोघं मोजतात."

"वा!" कॅप्टनसाहेब म्हणाले. "म्हणजे मेंढरं मोजता मोजता पायलट झालीस तू." दोघंही हसले. मीही हसलो असतो, पण मला हसता येत नाही.

वाऱ्याला तोंड देऊन उतरायचं म्हणून चारच्या सुमारास आम्ही वळसा घालून औरंगाबादच्या पूर्वेला आलो आणि समोर बघतो तर काय, शहरच नाही! पश्चिमेकडून वारा सुटला होता. उघड्या पडलेल्या शेतांची माती आणि नव्या प्लॉटांची माती, दोन्ही मिळून आभाळात चढली होती. सगळं पिवळट, गढूळ. खाली ना रस्ता दिसे ना घर.

"मी चालवतो. तू आकडे बघ," कॅप्टनसाहेब म्हणाले. विमानात कामाची वाटणी अशीच असते. एकानं चालवायचं, दुसऱ्यानं बघायचं, आणि खटकलं की मोठ्यानं बोलायचं.

आठ मैलांवर मी उतार पकडला. तोवर माझा जीव शाबूत होता. चाकं खाली आली, विमान उतरू लागलं. आणि सात मैलांवर माझ्या पाठीमागे तो जोड उघडला. मित्रांनो, काहीच वाजलं नाही. मला ओढणारी वीज गेली आणि मी मधोमध उभा राहिलो. लाल पट्टी हलली, अडकली, आणि वरच लोंबकळत राहिली.

अगं बाई, पड की! मी मनात ओरडत होतो. पड की गं खाली!

आता बघा, काय होत होतं. समोरून जोराचा वारा होता, म्हणून विमान पुढे कमी सरकत होतं. खाली मात्र ते नेहमीच्याच वेगानं येत होतं. म्हणजे उताराच्या खाली खाली जात होतं. मी जिवंत असतो तर वर सरकून बोंबललो असतो. पण मी गप्प होतो.

"काटा बघ," कॅप्टनसाहेब म्हणाले, "एवढ्या वाऱ्यात कसा खिळ्यासारखा उभा आहे!"

ते कौतुक होतं. आयुष्यात पहिल्यांदा कौतुक ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दिपालीजवळ माझ्याशिवाय दोन गोष्टी होत्या. एक अंतराचं घड्याळ आणि एक उंचीचं. हिशेब साधा होता. धावपट्टीपासून जितके मैल, तितके तीनशे फूट जमिनीपासून उंच असायला हवं. पण उंचीचं घड्याळ समुद्रापासून मोजतं, आणि औरंगाबादची धावपट्टीच मुळी समुद्रापासून एकोणीसशे फुटांवर. म्हणजे दर वेळी आधी एकोणीसशे वजा करायचे.

सहा मैल. अठराशे हवे होते, साडेसोळाशे निघाले. तिनं भुवया उंचावल्या. एवढं चालतं, असं तिला वाटलं असावं.

पाच मैल. पंधराशे हवे होते. तिनं वजाबाकी केली, बाराशे आले. तिनं पुन्हा केली. पुन्हा बाराशे. तिचे ओठ हलताना मला दिसत होते. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मधोमध. तिनं कॅप्टनसाहेबांकडे बघितलं. पंचवीस वर्षांचा अनुभव, चेहरा निवांत. ती गप्प बसली. आपलीच वजाबाकी चुकली असणार, असं त्या पोरीला वाटलं. आणि कॅप्टनसाहेबांना वाटलं, दिपाली गप्प आहे, म्हणजे आकडे जुळतायत. ते माझ्या आणि तिच्या भरवशावर, आणि ती माझ्या आणि त्यांच्या. तिघंही गप्प, आणि विमान खाली चाललेलं.

मागे पुतळाबाई खिडकीला कपाळ लावून बसली असेल. तिला कुठं ठाऊक, पुढे काय चाललंय ते!

चार मैल. बाराशे हवे होते. साडेसातशे.

या वेळी तिनं वजाबाकी दुसऱ्यांदा केली नाही. असं झालं तर काय बोलायचं याचे इंग्रजी शब्द ठरलेले असतात, तिनं ते शंभरदा घोकलेले होते. पण तोंडातून आलं ते घरचं.

"सर, मोजणी जुळंना!"

कॅप्टनसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. "काटा तर मधोमध..."

"काट्याची आन माझी मोजणी जुळंना, सर! भायेर काढा! मेंढरं भायेर काढा!"

एक क्षण. फक्त एक. लासूरच्या मापाड्याचा मुलगा माझ्याकडे बघत होता, आणि माझ्यात खोटं सांगण्याइतकाही जीव नव्हता. मग त्यांनी वाद घातला नाही. कोण चुकलं, विचारलं नाही. इंजिनांचे दोन्ही दांडे पुढे रेटले, विमानाचं नाक वर उचललं. इंजिनं गरजली, सगळं विमान थरथरलं. त्याच वेळी खालची धूळ जराशी फाटली आणि एक टँकर दिसला. त्याच्याभोवती निळे ड्रम, आणि घागरी घेतलेल्या बाया माना वर करून आमच्याकडे बघत होत्या. इतक्या जवळून बघायला नको होतं त्यांना आम्ही. नंतर कॅप्टनसाहेबांनी कागदावर हिशेब मांडला. असेच गेलो असतो तर धावपट्टीच्या सव्वादोन मैल अलीकडेच जमीन लागली असती. सव्वा मिनिट उरलं होतं, मित्रांनो. सव्वा मिनिट!

शहरावरून, वाळूजवरून आम्ही वर चढलो आणि लासूरच्या डोक्यावर घिरट्या घालू लागलो.

"पाच मैलांवरच दिसलं होतं ना तुला?" कॅप्टनसाहेबांनी हळूच विचारलं.

"व्हय, सर." दिपाली म्हणाली. "वाटलं, माझंच चुकलं. तुमी बी गप होता."

"आणि तू गप्प होतीस, ते मी व्हय समजलो." त्यांनी माझ्या काचेवर टिचकी मारली. लाल पट्टी टपकन पडली. ते त्या पट्टीकडे बघतच राहिले. "बाबा पोतं ठेवायच्या आधी काटा हलवून बघायचे गं. रोज. तेवढं मी विसरलो."

मग त्यांनी एक चिठ्ठी घेतली आणि माझ्या तोंडावर चिकटवली. मी आंधळा झालो. राग आला नाही, खरंच सांगतो. हायसं वाटलं. दिशा दाखवणारा काटा वेगळा होता आणि तो शहाणा होता, त्याच्याकडून काम भागणार होतं. उंचीची मोजणी मात्र आता त्या दोघांनाच करायची होती, माझ्याविना. वारा थोडा उतरला, धूळ थोडी पांगली, तेव्हा ते पुन्हा निघाले. मी चिठ्ठीमागच्या अंधारात नुसता ऐकत होतो.

"सहा मैल. अठराशे हवेत," दिपाली म्हणाली.

"अठराशे वीस. जुळलं."

"पाच. पंधराशे."

"चौदाशे ऐंशी. जुळलं."

"चार. बाराशे."

उत्तर आलं नाही. माझा जीव, होता नव्हता तेवढा, गोळा झाला.

"बाराशे. जुळलं," कॅप्टनसाहेब म्हणाले. "वारा ढकलत होता. बोलत राहा, थांबू नकोस."

"तीन. नऊशे."

"नऊशे. जुळलं."

"दोन. सहाशे... सर, दिवे! दिवे दिसायले, सर, समोरच!"

मग चाकं टेकल्याचा तो धक्का. सांगतो तुम्हाला, वीस वर्षांत एवढा गोड धक्का मला कधी बसला नव्हता.

माणसं उतरली. कोणी वाऱ्याला शिव्या देत होतं, कोणी उशीर झाला म्हणून कंपनीला. शेवटी पुतळाबाई पुढे आली आणि वैमानिकांच्या खोलीच्या दाराशी उभी राहिली.

"दिपे, मधीच वर का गेलं गं ते?"

"मोजणी जुळंना, माय."

"मंग बरं केलं," म्हातारी म्हणाली, जणू लेकीनं भाकरी करपायच्या आत उतरवली होती. "कुनाची चुकली व्हती?"

दिपालीनं माझ्या तोंडावरची चिठ्ठी सोडवली. "ह्याची. मेलेला हाय हा, पर उभा ऱ्हातो मधोमध. आमाला वाटलं, समदं ठीक हाय."

पुतळाबाईनं काळा चष्मा जरा वर केला आणि वाकून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही मला शिव्या घालणार. ती म्हणाली, "आपला काळ्या ध्यानात हाय ना? त्या राती कुत्रं भुकंना, म्हून तुझा बाप निवांत निजला. सकाळच्याला बगतो तर बारा कोकरं गेलेली. कुत्रं गप हाय म्हून लांडगा नाय, असं नसतंय बाई. कदी कदी कुत्रंच मेलेलं असतंय."

कॅप्टनसाहेब उठून उभे राहिले. ते म्हणाले, "आई, तुमच्या लेकीनं आज सगळी मेंढरं मोजून घरी आणली."

"एकटीनं नाय आनली. दोगं व्हता," पुतळाबाई म्हणाली, आणि लेकीच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरू लागली. तिसऱ्या पायरीवर दिपाली मटकन खाली बसली आणि आईच्या पदरात तोंड घालून रडली. आई नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली.

दोन दिवसांनी रामप्रसाद मुंबईहून मला काढायला आले. त्यांनी मला उघडलं, तो तडा बघितला, बिजागरीतली धूळ बघितली. मग नोंदवहीचं जुनं पान काढून स्वतःच्या अक्षरातलं "तपासले, ठीक" वाचलं. "मायला, मी नुसती टिचकी मारली," ते पुटपुटले. बराच वेळ ते तिथंच, उकाड्यात, उकिडवे बसून होते. त्यानंतर मी भंगारात गेलो असतो. पण दिपालीनं अर्ज करून मला मागून घेतलं आणि ती जिथं शिकली त्या तुमच्या या शाळेला दिलं.

तर मित्रांनो, अशी माझी हकीकत. माझी विनवणी एवढीच. जुन्या वस्तूला जपा, पण जपणं म्हणजे फडक्यानं पुसणं नव्हे. तिला उघडून बघा, तिचा दुखरा जोड शोधा. तिला बोलता येत नाही, म्हणून ती ठीक आहे असं लिहून टाकू नका. आणि मोठी माणसं गप्प असली, आणि तुमचा आकडा जुळत नसला, तर पाच मैलांवरच बोला, चार मैलांवर नको. दर वेळी सव्वा मिनिट शिल्लक राहीलच, असं नाही.

आता बाईंची पाठ वळली की तुमच्यातलं कोणीतरी कपाट उघडून मला उलटं धरतं, पट्टी वर अडकली की सरळ करतं आणि माझ्या काचेवर टिचकी मारतं. लाल पट्टी टपकन पडते, आणि तुम्ही टाळ्या वाजवता. मारा, खुशाल मारा. पण पट्टी पडली म्हणून माझ्या तबकडीखाली "ठीक" मात्र लिहू नका.